प्राक्तन : वाक्यात उपयोग

दादांच्या उजव्या हाताला तीनच बोटं होती. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट एका विहिरीच्या सुरुंगात गेलं, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. माझे वडील विहिरी खोदायचे. खडक लागला की पहारीनं भोकं पाडायची, त्यात दारू ठासायची, वात पेटवायची आणि दोर धरून झपाझप वर यायचं, हे त्यांचं काम. रेणापूरच्या आसपासच्या गावांत दादा तळाशी उतरले नाहीत अशी विहीर सापडणं मुश्कील होतं. त्यातल्या कित्येक विहिरींवर पाणी शेंदायची आम्हाला मुभा नव्हती, ही गोष्ट वेगळी. तर त्यांचा हात बघून एखादा शेतकरी हळहळायचा, "नशीब थोर तुझं किसन, बोटांवरच भागलं." दादा शांतपणे सांगायचे, "नशिबाचा काय संबंध? वात आखूड कापली म्या. घाई व्हती." ऐकणारा ओशाळा व्हायचा. दया दाखवायलासुद्धा दादा कुणाला जागा ठेवत नसत.

त्या बोटांमुळे म्हणा, की आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव टोपलीत घालून नदीला सोडायचं काम पंधरा-सोळा वर्षांच्या दादांवर आलं म्हणून म्हणा, आमच्या घरात एक नियम होता. नशीब हा शब्द तोंडातून काढायचा नाही. नशीब नाही, दैव नाही, तकदीर नाही, भोग नाही, कपाळ नाही. वाईट काही झालं की कोणी केलं ते सांगायचं. शेळी मेली तर नशीब नव्हे, कोवळी ज्वारी खाऊ दिली कोणी ते सांगायचं. माझी पाटी फुटली तर ती कोणाच्या हातून पडली ते सांगायचं. भाकरी करपली आणि माय कपाळावर हात मारून "माझं नशीबच फुटकं" म्हणाली, की दादा ओट्यावरून म्हणायचे, "तव्याखाली लाकूड कोणी सारलं?" माय म्हणायची, "म्या." दादा म्हणायचे, "मंग ते सांग." माय दातओठ खायची. दादा कामावर गेले की मात्र ती दिवसभराचं सगळं साठलेलं नशीब मोकळ्या तोंडानं बोलून घ्यायची, आणि आम्ही दोघी बहिणी, अक्का आणि मी, हसून लोळायचो. अक्का म्हणजे निर्मला, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. मला घरात कांता म्हणायचे, माय रागावली की कांते.

आता वाटतं, तो नियम फार कडक होता. माणसाला कधीमधी नशिबाच्या डोक्यावर ओझं ठेवून दोन घटका टेकावंसं वाटतं. पण तेव्हा मला तो नियम आमच्या घराचा दागिना वाटायचा. इतर पोरींच्या घरी पितळेच्या घागरी होत्या, आमच्या घरी हा नियम होता.

ज्या दुष्काळाच्या गोष्टी सगळे सांगतात, तो मी फार लहानपणी पाहिला आणि मला तो आठवत नाही. मी सांगतेय तो त्याच्या दहाएक वर्षांनंतरचा. त्याला कुणी मोठं नाव दिलं नाही, पण आमच्या गावाला तो पुरेसा होता. एक पाऊस पेरणीला आला आणि मग आलाच नाही. दिवाळीच्या पुढं विहिरींनी तळ दाखवला. ज्याच्या त्याच्या शेतात विहीर खोल करायचं काम निघालं आणि दिवसभर चारी दिशांनी बार उडायला लागले. आधी लांबून आरोळी यायची, "हुश्शाऽऽर!", मग जमीन पायाखाली दबल्यासारखी व्हायची आणि मग धुम्म असा आवाज. आमच्या घरातली भांडी किणकिणायची. माय उतरंडीला हात लावून उभी राहायची. दादांना त्या वर्षी कधी नव्हे इतकं काम होतं, पण संध्याकाळी ते घरी यायचे ते पांढऱ्या धुळीत बुडालेले, आणि मायनं विचारायच्या आत मान हलवायचे. पाणी नाही. पाणाड्या तळहातावर नारळ उभा करून जागा दाखवायचा, दादा तिथं तीन पुरुष, म्हणजे तीन माणसांच्या उंचीइतके, खाली जायचे आणि काळा पाषाण घेऊन वर यायचे. शेतकरी म्हणायचा, "नशिबातच न्हाई पाणी." दादा म्हणायचे, "खडकात न्हाई, मालक. नशिबात मी उतरलो न्हाई."

माय रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायची. घरी आल्यावर तिच्या पदराला, केसांना, पापण्यांनासुद्धा खडीचा भुगा असायचा. धुवायला पाणी नसायचं. ती पदर झटकायची आणि चुलीपुढं बसायची. त्या दिवसांत आमच्या घरी सकाळ-संध्याकाळ ज्वारीच्या कण्या किंवा हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं असायचं. माडग्यात लसणाची फोडणी पडली की सण. चिंचेला कोवळी पालवी फुटली तेव्हा माय ओटी भरून चिगूर आणायची आणि त्याचं आंबट वरण करायची. मी आज लातुरात तिसऱ्या मजल्यावर राहते, नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, आणि बाजारात चिगूर दिसला की अजूनही घेते. सून विचारते, याचं काय करायचं? मी म्हणते, तू सरक, मी करते.

त्याच सुमारास लातूर जिल्हा झाला. तोवर आमचा जिल्हा उस्मानाबाद. दाखला हवा, अर्ज द्यायचा, कोर्टात तारीख, सगळ्याला तिकडं जावं लागायचं आणि तो दिवस गेला म्हणून समजायचं. शाळेत सरांनी वह्यांवरचा पत्ता बदलून लिहायला लावला. शाळेच्या पाटीवरचं उस्मानाबाद पेंटरनं पांढऱ्या रंगानं बुजवलं आणि वर लातूर लिहिलं. पण रंग पातळ होता, त्यामुळं उन्हात दोन्ही जिल्हे एकदम दिसायचे. दादा माझ्या शाळेच्या फीचा कागद घेऊन आले होते, ते त्या पाटीखाली बराच वेळ उभे राहिले. "कामून थांबलात?" मी विचारलं. ते म्हणाले, "एका सहीनं जिल्हा बदलला. कुठं कुणाच्या कपाळावर लिवलेला न्हवता." आणि स्वतःशीच खूश होऊन चालायला लागले.

मी नववीत होते. मराठीचे सर उंच, किडकिडीत, कोट घालणारे. ते आमच्या वस्तीतल्या मुलींनाही अहो-जाहो करायचे, त्यामुळं मला ते फार मोठे वाटायचे. एका शनिवारी त्यांनी फळ्यावर दहा शब्द लिहिले आणि वर नेहमीचं शीर्षक, 'अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.' सातवा शब्द होता प्राक्तन. वर्गात कुणाला अर्थ आला नाही. सरांनी सांगितलं, प्राक् म्हणजे पूर्वी. प्राक्तन म्हणजे पूर्वजन्मीच्या कर्मानं आधीच ठरून गेलेलं, जे टळत नाही ते. आणि उदाहरणादाखल वाक्य दिलं, 'दारिद्र्य हेच त्या कुटुंबाचे प्राक्तन होते.' मुलं खाली मान घालून वाक्य उतरवायला लागली. मी उतरवलं नाही. घरी बंदी असलेला शब्द शाळेत कोट घालून आला होता, आणि मी त्याला ओळखलं होतं. मी लिहिलं, 'प्राक्तन असे काही नसते.'

सरांनी वही तपासली आणि त्या वाक्यावर फुली मारली. मी उठून विचारलं, "सर, वाक्य चुकलंय का?" ते म्हणाले, "वाक्य बरोबर आहे. पण उपयोग झाला नाही. वाक्य वाचून शब्दाचा अर्थ कळला पाहिजे. तुमच्या वाक्यात प्राक्तनाच्या जागी भूत घाला, नाहीतर हत्तीचे पंख घाला, काय फरक पडतो?" वर्ग हसला. मला फार राग आला. आज, तीस वर्षं मराठी शिकवून झाल्यावर, सांगते की सरांचं बरोबर होतं.

घरी आल्यावर मी दादांना तो शब्द सांगितला. दादांनी तो दोन-तीनदा उच्चारून बघितला. "पराक्तन." "पराक्तन न्हाई दादा, प्राक्तन." "प्राक्तन. भारीच हाय की. म्हंजे नशीबच?" मी म्हटलं, "हाव. धुतलेलं." ते हसले आणि म्हणाले, "मंग तेबी बंद." असा आमच्या घरच्या यादीत आणखी एक शब्द वाढला. मला काय ठाऊक, की तो शब्द मी घरात कशासाठी आणून ठेवतेय.

अक्काचं लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं. औशाच्या पलीकडं दिली होती. स्थळ आणलं होतं मामानं, मायच्या सख्ख्या भावानं. मामावर आम्हा सगळ्यांचा जीव. तो आला की पिशवीत भत्ता असायचा, चुरमुरे, शेव, दाणे, आणि तो स्वतः चुलीपुढं बसून मायला भाकरी थापू लागायचा. त्यानं शब्द टाकला म्हणून दादांनी फार चौकशी केली नाही. मुलगा कसा आहे हे विचारायला दादा जाणार होते, पण एका विहिरीचं काम अडलं होतं, ते राहिलं.

फाल्गुनातल्या एका दुपारी मी शाळेतून येताना लांबून पाहिलं, फाट्याकडून एक बाई एकटी चालत येतेय. हातात एक पिशवी. चालणं म्हातारीसारखं. जवळ आली तेव्हा ओळखलं. मी "अक्का" म्हणून धावले, तर ती म्हणाली, "हळू. धरू नको." बस्स, एवढंच. घरात येऊन ती भिंतीला टेकून बसली, ती संध्याकाळी माय कामावरून येईतो. मग मायच्या मांडीवर डोकं ठेवून तिनं सांगितलं. सासरच्या गावात पाणी पार आटलं होतं. दीड कोसावरच्या एका विहिरीवरून डोक्यावर दोन घागरी आणायच्या, दिवसाला चार खेपा. अक्काला सातवा महिना होता. तिनं सासूला सांगितलं, पोटात दुखतंय. सासू म्हणाली, आमी काय पोटुशी न्हवतो का कधी? तिसऱ्या खेपेला ती खडकावर घसरली. लेकरू गेलं. मुलगी होती. बाराव्या दिवशी नवऱ्यानं, घागर कशी फोडलीस म्हणून, तिला मारलं. लेकराबद्दल नव्हे, घागरीबद्दल. दुसऱ्या दिवशी ती पाणी आणायला म्हणून निघाली, घागर विहिरीच्या काठावर ठेवली आणि औशापर्यंत चालत येऊन बसमध्ये बसली.

माय रडली नाही. तिनं माडगं गरम केलं, कुठून तरी गुळाचा खडा काढून त्यात टाकला आणि अक्काला लहान मुलासारखं पाजलं. दादा दारात बसले होते. ते तीन बोटांनी जमिनीवरची माती सारखी करत राहिले.

आठवड्यातून एकदा आमच्या वस्तीत नर्सबाई यायच्या. सावळ्या, ठेंगण्या, मोठ्यानं बोलणाऱ्या. त्यांनी अक्काला तपासलं, लोहाच्या गोळ्या दिल्या आणि जाता जाता विचारलं, "किती शिकलीस गं?" अक्का म्हणाली, "धाव्वी नापास." "किती विषय गेले?" "दोन. गणित अन् इंग्रजी." नर्सबाई म्हणाल्या, "मग नापास काय म्हणायलीस? बाकीच्यांत पास हाय म्हण की. दोन विषय काढ. नवा जिल्हा झालाय, जागोजाग दवाखाने निघायलेत, त्यांना पोरी मिळंनात. नांदेडला शिकवतात. मी तिथंच शिकले." त्या दिवशी संध्याकाळी तिनं माझं गणिताचं पुस्तक मागितलं.

महिनाभरानं ते लोक आले. अक्काचे सासरे, त्यांच्या भावकीतले दोघे आणि मामा. चांगली टळटळीत दुपार होती. ओट्यावर घोंगडं अंथरलं. मायनं गुळाचा चहा केला, पाण्याचा तांब्या सगळ्यांत एकच फिरवला. अक्का आत पुस्तक घेऊन बसलेली, मी दाराशी रिकाम्या कपबश्या घ्यायला उभी. बोलणं मामानंच काढलं.

"दाजी, झालं ते झालं. पाव्हणे मोठ्या मनानं आलेत. पोरगी न सांगता निघून आली, तरी न्यायला तयार हायेत."

दादा म्हणाले, "हं."

"फकस्त एक हाय. त्यांनाबी वंशाचं बघावं लागतंय. डॉक्टर म्हणाला म्हणं, फुडं लेकरू ऱ्हायचं अवघड. तवा ते पोराचं दुसरं करणार. निर्मलानं तिच्यासंगं गुण्यागोविंदानं ऱ्हावं. थोरली म्हणून मान तिचाच."

सासरे म्हणाले, "आमी काय तिला टाकून द्यायलो न्हाई. दोन घास खाईल, पडून ऱ्हाईल घरात."

माय पदर तोंडाला लावून उभी होती. दादा खाली बघत होते. मला वाटलं, आता ते उठतील. आता ते तो आवाज काढतील, सुरुंगाआधी विहिरीच्या काठावरून काढतात तो. मामा पुढं सरकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "दाजी, धाकटी हाय अजून घरात. थोरली परत आलेली म्हणल्यावर हिला कोण करंल? दोन पोरींचं वाटोळं करू नका." आणि त्यानं माझ्याकडं पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

दादांनी वर बघितलं नाही. तसेच ते म्हणाले, "काय बोलावं माणसानं? प्राक्तन असतं एकेकाचं."

मामाला तो शब्द कळला नाही. "काय म्हणलात?" त्यानं विचारलं. सासऱ्यांनाही कळला नसावा, पण दादांचा सूर कळला, आणि त्यांनी समाधानानं कप उचलला. तो शब्द तिथं फक्त मला कळला. नशीब म्हणायला दादांची जीभ उचलली नसती. भोग म्हणायला, कपाळ म्हणायला नसती. म्हणून त्यांनी मी शाळेतून आणलेला, कुणाला न कळणारा शब्द घेतला आणि त्याच्या आड बसले. माझ्या पायांखालची जमीन बार उडताना दबते तशी दबली.

"दादा," मी म्हटलं, "कोणी केलं ते सांगा."

"कांते, आत हो," माय म्हणाली.

"न्हाई होत. तुमचाच नियम हाय दादा. नशीब म्हणायचं न्हाई, कोणी केलं ते सांगायचं. मला पाटी फुटल्याचं विचारता अन् आता लेकरू गेलं तर प्राक्तन म्हणायलात? अन् माझं लगीन मधी आणू नका. मला कोणी करू नका. अक्काला सवतीत घालून मी कोणाच्या घरला जाणार न्हाई."

दादा उठले. आयुष्यात त्यांनी माझ्या अंगाला बोट लावलं नव्हतं. त्या दिवशी त्यांचा हात वर गेला, तो तीन बोटांचा. मी डोळे मिटले नाहीत, हे मला आजही नीट आठवतं. पण हात खाली यायच्या आत अक्का बाहेर आली आणि माझ्यापुढं उभी राहिली. तिच्या हातात पुस्तक तसंच होतं, बोट पानात घातलेलं.

"मारायचं तर मला मारा," ती म्हणाली. "मला सवय हाय."

दादांचा हात तसाच वर राहिला आणि मग हळूहळू, दोर सोडावा तसा, खाली आला. ते खाली बसले. बसताना त्यांनी घोंगड्याचा आधार घेतला. मला वाटलं, झालं, आता ते काही बोलणार नाहीत. पण त्यांनी उजवा हात पुढं धरला आणि अंगठ्यापासून सुरुवात केली.

"पैलं नाव माझं," ते म्हणाले. "बिनचौकशी पोरगी दिली, ती म्या." त्यांनी अंगठा मिटला. "सातव्या महिन्यात चार खेपा पाणी आणायला लावलं, ते तिच्या सासूनं." दुसरं बोट मिटलं. "बाळंतिणीवर हात टाकला, तो तुमच्या लेकानं." तिसरं बोट मिटलं. आता मूठ झाली होती. ते सासऱ्यांकडं बघून म्हणाले, "अजून हायेत, पण माझ्या हाताला बोटं तीनच. पोरगी येणार न्हाई."

सासरे उठले. "मंग लोकांत काय सांगायचं आमी?"

"खरं सांगा. बापानं पाठवली न्हाई म्हणा. नाव घ्या माझं. किसन सुरुंगवाला."

पाहुणे गेले. मामा मागं थांबला. त्यानं मायकडं पाहिलं, मायनं खाली पाहिलं. "अक्के," तो मायला म्हणाला, "एका पोरीच्या तोंडानं घर चालवायलाव तुमी. मला आता बोलवू नको." आणि पायताण घालून निघून गेला. नंतर अकरा वर्षं तो आमच्या दाराशी आला नाही. लिहिताना हे सोपं आहे. पण भावाच्या वाटेकडं बघत माय दर दिवाळीला ओवाळणीचं ताट तयार करायची आणि मग गुपचूप उतरून ठेवायची, ते मी पाहिलं आहे. मी केलं ते बरोबर होतं, आणि त्याची झळ मायला लागली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. माय माझ्याशी पावसाळा येईपर्यंत कामापुरतं बोलली.

तिसऱ्या दिवशी मी त्यांच्यासाठी भाकरी घेऊन विहिरीवर गेले. ते वर येऊन बाभळीखाली बसले, भाकरीवर चटणी घेतली आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "कांता, तुझा तो शब्द लई चांगला हाय."

"कामून?"

"लपायला." मग घास चावून झाल्यावर म्हणाले, "मीबी लपलो. भ्यालो व्हतो." बापानं अशी कबुली दिल्यावर मुलीनं काय बोलायचं असतं, ते मला तेव्हा माहीत नव्हतं. अजून नाही.

वार्षिक परीक्षेत सरांनी तोच शब्द पुन्हा घातला. माझ्यासाठीच घातला असावा, असं मला तेव्हा वाटलं. आता वाटतं, सरांना नवीन पेपर काढायचा कंटाळा असावा. मी लिहिलं, 'दोषी माणसाचे नाव घेण्याचे धैर्य होईना, तेव्हा वडील म्हणाले, मुलीचे प्राक्तनच तसे.' पेपर परत मिळाले तेव्हा पूर्ण गुण होते. पेपर देताना सर म्हणाले, "या वाक्यात भूत किंवा हत्ती घालता येत नाही." एवढंच. मग कोटाच्या खिशातून रुमाल काढून चष्मा पुसत पुढच्या बाकाकडं गेले.

अक्कानं ऑक्टोबरात दोन्ही विषय काढले. दिवसा ती मायबरोबर खडी फोडायला जायची, तिथं दुपारच्या सुट्टीत सपाट दगडावर कोळशानं गणितं सोडवायची. बाया हसायच्या. एक म्हणाली, "टाकलेल्या बाईनं शिकून काय उजेड पाडायचा?" अक्का म्हणाली, "टाकलेली न्हाई मावशी. मी टाकून आले." हे उत्तर गावभर झालं आणि बरेच दिवस लोक ते एकमेकांना सांगत होते, काही रागानं, काही बायका मजेनं. जूनमध्ये दादा तिला नांदेडला सोडून आले. ती गेली तेव्हा तिच्याकडं दोन पातळं आणि माझं दप्तर होतं. तिच्या नवऱ्यानं त्याआधीच दुसरं लग्न केलं होतं. त्यांना मूल झालं की नाही, आम्ही कधी विचारलं नाही.

शिक्षण संपवून अक्का आमच्याच नव्या जिल्ह्यात नर्स म्हणून लागली, शिरूर अनंतपाळच्या बाजूच्या एका गावात. मी तेव्हा कॉलेजात होते आणि सुट्टीत तिच्याकडं राहायला जायचे. पांढरं पातळ, खांद्याला पेटी, आणि चालणं असं की मला मागं धावावं लागायचं. एकदा संध्याकाळच्या आधी ती एका शेतकऱ्याच्या घरी बाळंतिणीला बघायला निघाली, मीही गेले. बाळंतपण अक्कानंच केलं होतं, मुलगी झाली होती, त्या दिवशी पाचवी होती. खोलीच्या कोपऱ्यात पाट मांडला होता, त्यावर हळदकुंकू, पाटा-वरवंटा, आणि एक कोरा कागद अन् पेन. सटवी येऊन बाळाचं पुढचं सगळं त्या कागदावर लिहून जाते, अशी रीत. अक्कानं बाळंतिणीची नाडी पाहिली, बाळाची नाळ पाहिली, हात पुसले. मग ती त्या पाटापुढं बसली, पेन उचललं आणि कागदावर लिहायला लागली.

घरातली म्हातारी दारातून ओरडली, "आगं बाई, काय करायलीस? सटवीचा कागुद हाय तो!"

"माहीत हाय आजी," अक्का म्हणाली, आणि लिहीत राहिली. त्रिगुणी लस, पहिला डोस, तारीख. दुसरा डोस, तारीख. तिसरा, तारीख. पोलिओ. गोवर. खाली एक ओळ सोडून, वय वर्षे सहा, शाळेत नाव घालणे. तिच्या गोल, ठसठशीत अक्षरात. खाली सही, निर्मला, आणि हुद्दा. कागद तिनं जागच्या जागी ठेवला, वर पेन ठेवलं.

बाळंतीण उशीवरून मान उचलून बघत होती. म्हातारी जवळ आली, वाकली. तिला वाचता येत नव्हतं. ती कागदावरून बोट न लावता हात फिरवत राहिली आणि मग खरोखरच्या काळजीनं म्हणाली, "आन् सटवीनं येऊन खाली दुसरंच काही लिवलं तर?"

अक्का पेटी बंद करत होती. खांद्याला पट्टा लावून ती उभी राहिली.

"तर मला बोलवा," ती म्हणाली. "मी येऊन खोडते."